फायद्याचं आणि सोपं

‘सेंद्रिय खत वापरणे फायद्याचे आणि सोपे आहे.’

माझ्या पीएच.डी.च्या प्रश्नावलीतलं हे सतरावं विधान. समोर पाच चौकटी: पूर्ण सहमत, सहमत, अनिश्चित, असहमत, पूर्ण असहमत. मी विधान वाचलं, पेन चौकटींवर धरलं आणि थांबले. समोरच्या मावशी निंदत होत्या. माझ्यासाठी त्यांनी काम थांबवलं नव्हतं. मीच त्यांच्याबरोबर उकिडवी बसून, ओळीओळीने पुढे सरकत एकेक विधान वाचत होते.

“परत वाच गं.”

परत वाचलं.

“फायद्याचं आहे. सोपं नाही.” खुरपं थांबलं. “आता खूण कुठं करणार तू?”

खूण कुठेच करता येत नव्हती. ‘सहमत’ म्हणावं तर अर्धं खोटं, ‘असहमत’ म्हणावं तर उरलेलं अर्धं खोटं. शेवटी मी ‘अनिश्चित’वर टिक केली आणि अठराव्या विधानाकडे वळले. पाच चौकटींतली सगळ्यात चुकीची चौकट नेमकी तीच होती. त्या बाई जितक्या ठाम होत्या तितकी ठाम मी त्या दिवशी कशाबद्दलच नव्हते.

एका विधानात दोन गोष्टी कोंबायच्या नाहीत, हे प्रश्नावलीच्या शास्त्रातलं पहिलीच्या वर्गातलं ज्ञान. याला दुहेरी विधान म्हणतात. कोर्सवर्कच्या परीक्षेत मी यावर टीप लिहिली होती, उदाहरणासकट, आणि गुणही चांगले पडले होते. तरी माझ्याच प्रश्नावलीत ते राहिलं. पायलट चाचणी, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीची रंगीत तालीम, संपवून मी गाईड मॅडमकडे गेले तेव्हा त्यांनी सतराव्या विधानातल्या ‘आणि’भोवती पेन्सिलने गोल केला, कागदांची चळत माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, “आता सगळे ‘आणि’ मोज. ‘व’ आणि ‘तसेच’सुद्धा.” अकरा निघाले.

मॅडमना मी ‘मॅडम’ म्हणते, पण त्या माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत. चौदा वर्षं कृषी विस्ताराचं, म्हणजे नवी माहिती आणि तंत्र शेतकऱ्यापर्यंत नेण्याचं, काम करून मी पीएच.डी.ला आले. ज्या वयात लोक मुलांच्या प्रवेशअर्जांच्या रांगेत असतात, त्या वयात मी स्वतःचा अर्ज घेऊन उभी होते. विषय: कृषी आणि पर्यावरण शिक्षण. ऐकणाऱ्याला हे नाव कधीच पटकन कळत नाही. ‘म्हणजे शेतकऱ्याला शेती शिकवणार का तू?’ हा ठरलेला प्रश्न, आणि त्यामागचं हसूही ठरलेलं. मी आता उत्तर तयार ठेवलं आहे. मातीचा सामू (पीएच) मोजणारे शेजारच्या इमारतीत बसतात. माती परीक्षणाचा कागद हातात पडल्यावर माणूस त्याचं काय करतो, ते आम्ही पाहतो. बरेचदा तो कागद घडी करून खिशात जातो. का जातो, एवढाच खरं तर प्रश्न आहे, आणि त्यावर प्रबंधामागून प्रबंध लिहूनही तो संपत नाही.

पण पदवीच्या नावातसुद्धा एक ‘आणि’ आहे, हे माझ्या लक्षात आलं ते मावशींनी खुरपं थांबवल्यानंतर.

कृषी शिक्षण आणि पर्यावरण शिक्षण ही दोन वेगळ्या घरांत वाढलेली भावंडं. भावंडं म्हणणंही थोडं धाडसाचंच. कृषी शिक्षणाचा आधुनिक इतिहास सांगायचा तर बोट अमेरिकेकडे जातं. १९०३ मध्ये सत्तरीचा शेतीप्रसारक सीमन नॅप टेक्सासमधल्या टेरेल इथे गेला आणि वॉल्टर पोर्टर नावाच्या शेतकऱ्याच्या शेतावर प्रात्यक्षिक घेतलं. सरकारी शेतावर नव्हे, शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतावर, त्याच्याच हातून. १९०८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनच्या शेतीशाळेत रूफस स्टिमसनने मुलांना घरच्या शेतावर करायचे प्रकल्प दिले आणि तोच अभ्यास मानला. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने ते पक्कं केलं: वर्षातले किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतकाम केल्याशिवाय शेतीचं शिक्षण पुरं धरायचं नाही. या घराचा सूर पहिल्यापासून एकच, उत्पादन वाढलं पाहिजे.

दुसऱ्या घराचा पाया पुष्कळ नंतरचा. १९७५ ची बेलग्रेडची सनद, मग ऑक्टोबर १९७७ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत जॉर्जियातल्या त्बिलिसी इथे युनेस्कोने भरवलेली परिषद. तिथे पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टं मांडली गेली: जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य, सहभाग. हे पाच शब्द मी झोपेतही सांगू शकते. या घराचा सूर, जरा हात आवरा.

पहिल्या सत्रात दोन्ही घरांचे तास एकाच दिवशी असत. सकाळच्या तासाला जी कीड, तीच दुपारच्या तासाला जैवविविधता. सकाळी तिचं नियंत्रण, दुपारी तिचं संवर्धन. आम्ही चौघंजण वही उलटीकडून उघडून दुपारच्या नोट्स लिहायचो. वहीच्या मध्यावर दोन्ही बाजू कधीतरी भिडतील असं वाटायचं. त्याआधी सत्र संपलं.

मग आलं प्रसाराचं शास्त्र. एखादी नवी गोष्ट लोकांत कशी पसरते, याचा अभ्यास. त्याचा मूळपुरुष म्हणावा असा एक लेख आहे, ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांचा, १९४३ चा. आयोवातल्या दोन वस्त्यांमधले २५९ मका उत्पादक. संकरित बियाणं १९२८ च्या सुमारास बाजारात आलं आणि १९४१ पर्यंत त्या २५९ पैकी दोघे सोडून सगळ्यांनी ते घेतलं होतं. बियाण्याची पहिली खबर विक्रेत्याकडून लागली, पण ते घ्यायचं की नाही हे ठरलं शेजाऱ्याकडे बघून. बहुतेकांनी पहिल्या वर्षी एखाद्या तुकड्यावरच पेरून पाहिलं. हे वाचताना मी मनातल्या मनात मान डोलावत होते. चौदा वर्षं मी हेच पाहिलं होतं. माझ्या भाषणाने कुणी काही पेरल्याचं आठवत नाही. बांधापलीकडच्या पिकाने मात्र पुष्कळांनी पेरलं.

याच धाग्यावर एव्हरेट रॉजर्सने १९६२ मध्ये आपली प्रसिद्ध मांडणी केली आणि माणसांचे पाच गट पाडले. नवप्रवर्तक अडीच टक्के, लवकर स्वीकारणारे साडेतेरा, मग चौतीस आणि चौतीस टक्क्यांचे दोन बहुसंख्य गट आणि शेवटी सोळा टक्के ‘लॅगार्ड’, मागे रेंगाळणारे. हे आकडे आम्ही पाढ्यासारखे पाठ केले. त्या सोळा टक्क्यांची गंमत मला कळायला दुसरं वर्ष उजाडलं. हे आकडे कुणी घरोघरी मोजून काढलेले नाहीत. घंटेच्या आकाराच्या वक्रावर सरासरी आणि प्रमाण विचलनाच्या रेषा मारल्या की ते तुकडे आपोआप पडतात. म्हणजे सगळ्या गावाने एखादी गोष्ट पंधरवड्यात स्वीकारली तरी सोळा टक्के लोक रेंगाळणारेच ठरणार. गणिताला कुणीतरी शेवटचा लागतोच.

आणि मला एकदम ते बाबा आठवले.

नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षातली गोष्ट. एका नव्या वाणाचा प्रसार चालला होता. वाण चांगलं होतं, यात आजही शंका नाही. फक्त त्याला फुलोऱ्यात आणि दाणा भरताना अशी दोन पाणी वेळेवर लागत. मी त्या बाबांकडे तीनदा गेले. तिन्ही वेळा त्यांनी मला विहिरीपाशी नेलं, वाकून आत पाहिलं आणि “बघू” म्हणाले. अहवालात शेतकऱ्याच्या प्रतिसादाचा एक रकाना असे. मी त्यात लिहिलं, ‘उदासीन’. त्या वर्षी पाऊस मागचा सगळा गेला. विहिरी तळाला लागल्या, दुसरं पाणी कुणालाच देता आलं नाही, आणि बाबांच्या जुन्या वाणाने जेमतेम का होईना, पदरात माप टाकलं. माझ्या प्रात्यक्षिकाच्या शेतात ओंब्या होत्या, दाणा नव्हता. मी अहवाल दुरुस्त केला नाही. दुरुस्तीचा रकाना नव्हता, हे खरं. असता तरी मी तो भरला असता का, सांगता येत नाही.

रॉजर्सच्या स्वतःच्या घरची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याच्या वडिलांना यंत्रांचा सोस, पण संकरित बियाण्याला ते तयार नव्हते. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला, त्यांचा वाळला, आणि मग ते वळले. एका दुष्काळाने एका माणसाला चुकीचा ठरवलं, दुसऱ्या दुष्काळाने दुसऱ्याला बरोबर. रॉजर्सला वडिलांवरून जो प्रश्न पडला, त्यातून एक अख्खी विद्याशाखा उभी राहिली. मला बाबांवरून पडायला हवा होता तो प्रश्न दहा वर्षं उशिरा पडला. नवी गोष्ट चांगलीच आहे हे आधी धरून चालायचं आणि मग न घेणाऱ्याचं काय चुकलं ते शोधायचं, या आमच्या शास्त्राच्या खोडीकडे रॉजर्सनेही पुढे बोट दाखवलं. खोड मात्र गेलेली नाही. माझ्या आराखड्याच्या पहिल्या खर्ड्यात ‘अवलंब न करण्याची कारणे’ असा एक विभाग होता आणि त्यात ‘अज्ञान’ पहिल्या क्रमांकावर होतं.

अज्ञानाचं काय झालं ते सांगण्यासारखं आहे.

दृष्टिकोन मोजायची पट्टी बनवताना आधी ढीगभर विधानं गोळा करतात. माझी बेचाळीस होती. मुख्य अभ्यासात नसणाऱ्या साठ जणांकडून ती भरून घ्यायची. मग एकूण गुणांनुसार वरचे पंचवीस टक्के आणि खालचे पंचवीस टक्के, म्हणजे वरचे पंधरा आणि खालचे पंधरा, वेगळे काढायचे आणि प्रत्येक विधानावर या दोन गटांत फरक पडतो का ते पाहायचं. एडवर्ड्सच्या १९५७ च्या पद्धतीप्रमाणे ‘टी’ची, म्हणजे दोन गटांतला फरक किती ठळक आहे ते सांगणाऱ्या आकड्याची, किंमत १.७५ किंवा त्याहून जास्त आली तर विधान ठेवायचं, नाहीतर काढून टाकायचं. पाच चौकटींची कल्पना रेन्सिस लिकर्टची, १९३२ ची. तो पुढे अमेरिकेच्या कृषी खात्यात सर्वेक्षणांचा प्रमुख झाला, त्यामुळे त्याच्या चौकटी शेतात येऊन पोचल्या यात नवल नाही.

माझं सगळ्यात आवडतं विधान होतं, ‘रासायनिक खतांच्या अतिवापराने जमिनीचा कस जातो.’ साठांतले सत्तावन्न जण ‘पूर्ण सहमत’. वरचे पंधरा सहमत, खालचे पंधराही सहमत. फरक नाही, म्हणून ‘टी’ नाही, म्हणून विधान बाद. जे सगळेच मान्य करतात ते माणसामाणसांत भेद करत नाही आणि जे भेद करत नाही ते मोजपट्टीच्या कामाचं नाही. नियम बरोबर आहे. मी पट्टीतली ती ओळ खोडली आणि मग बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. कारण हेच वाक्य मी चौदा वर्षं भिंतीवर रंगवलं होतं, फलकांवर लावलं होतं, ध्वनिक्षेपकावरून ओरडले होते. जनजागृती म्हणतात त्याला. ज्यांना जागं करायला मी जात होते ते माझ्याआधी उठलेले होते.

माहिती दिली की दृष्टिकोन बदलतो आणि दृष्टिकोन बदलला की वागणं बदलतं, ही सरळ रेषा पर्यावरण शिक्षणाने बराच काळ धरून ठेवली होती. हॅरोल्ड हंगरफोर्ड आणि ट्रुडी व्होल्क यांनी १९९० मध्ये स्पष्ट लिहिलं की संशोधनात या सरळ रेषेला आधार सापडत नाही. मी हे वाचलं होतं, साहित्य आढाव्यात उद्धृतही केलं होतं. वाचणं आणि कळणं यांच्यातही अशीच एक सरळ रेषा असते असं मला तोवर वाटत होतं.

मग सोपं का नाही? पायलट संपल्यावर, वही बंद करून, मी मावशींना एवढंच विचारलं. त्यांनी शेताच्या कडेच्या उकिरड्याकडे हात केला, मग शेताच्या पार टोकाकडे. “तिथून तिथं न्यायचं. पाटीनं. कोण नेतं?”

घरी येऊन मी गणित मांडलं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. युरियात शेहेचाळीस टक्के. म्हणजे पंचेचाळीस किलोंच्या एका पोत्यातून जो जवळपास एकवीस किलो नत्र मिळतो, तेवढाच शेणखतातून द्यायचा तर चार टनांहून जास्त खत वाहावं लागणार. त्यातलाही सगळा पहिल्या वर्षी पिकाला मिळत नाही. तो सावकाश, वर्षावर्षाने सुटतो. शेणखत नुसतं नत्रासाठी घालत नाहीत हे मलाही कळतं. जमीन भुसभुशीत होते, पाणी धरते, गांडुळं येतात. म्हणून तर ते ‘फायद्याचं’. पण एक पाटी वीस किलोंची धरा. दोनशेहून जास्त खेपा. एका पोत्याच्या बदल्यात दोनशेहून जास्त खेपा, डोक्यावर, आणि त्यानंतर ते शेतभर विसकटणं वेगळं. माझ्या विधानातल्या ‘सोपे’ या दोन अक्षरांत हे सगळं बसवून मी एका चौकटीत खूण मागत होते.

‘कोण नेतं?’ याचं उत्तर मला माहीत होतं, पण माझ्या प्रश्नावलीला माहीत नव्हतं. आराखड्यात उत्तरदात्याची व्याख्या होती, ‘कुटुंबातील शेतीविषयक निर्णय घेणारी प्रमुख व्यक्ती’. सोपी, स्वच्छ व्याख्या. समितीतल्या कुणीही हरकत घेतली नाही. दारात गेलं की ती व्यक्ती ठरलेली असे आणि ती पुरुष असे. आतून मात्र आवाज येत राहायचे. “बियाणं किती वर्षं घरचं वापरता?” असं मी काकांना विचारायचे, काका आकाशाकडे बघायचे आणि आतून उत्तर यायचं, “सात.” ते मी काकांच्या नावावर लिहायचे. पायलटमध्ये मावशी आल्या त्या निव्वळ त्यांचे यजमान त्या दिवशी घरी नव्हते म्हणून. नाहीतर सतराव्या विधानावर मला ‘सहमत’ मिळालं असतं आणि मी पुढे गेले असते.

‘सहमत’ हा शब्दही मला हळूहळू संशयास्पद वाटायला लागला. आलेल्या बाईचा हिरमोड नको, म्हणूनही लोक सहमत होतात. एक काका तर सरळ म्हणाले, “मॅडम, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा, आपण तसं लिहू.” यात लबाडी नव्हती, इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवायचं नाही, एवढंच होतं. उलट्या विधानांनी हे पकडता येतं असं पुस्तक सांगतं. म्हणून मी एक उलटं विधान घातलं होतं: ‘पिकांचे अवशेष जाळणे गैर नाही, असे मला वाटत नाही.’ ते मी एकदा मोठ्याने वाचलं आणि मलाच कळेना मी कशाला सहमत आहे.

भाषेचे तर किती खड्डे. सस्टेनेबिलिटीला आम्ही ‘शाश्वतता’ म्हणतो. विद्यापीठाच्या इमारतीत हा शब्द दिवसाला शंभरदा ऐकू येतो आणि कुणालाही ठेच लागत नाही. शेतात मी ‘शाश्वत शेती’ म्हटल्यावर एका आजोबांनी विचारलं, “शाश्वत म्हणजे कायमचं ना? मग शेतीत कुठलं आलं ते?” मी समजावून सांगितलं, की पुढच्या पिढ्यांनाही जमिनीतून घेता यावं, अशी शेती. “मग असं म्हण की, जमीन टिकवून खाणं.” पट्टीच्या अंतिम मसुद्यात हे शब्द जसेच्या तसे आहेत. परीक्षक विचारतील, ही संज्ञा कुठली. आजोबांचा संदर्भ कसा द्यायचा ते संदर्भलेखनाच्या कुठल्याही शैलीत दिलेलं नाही.

शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी ब्राझीलमधून परागंदा होऊन चिलीत होता. तिथल्या जमीनसुधारणेच्या कामात त्याने विस्तार कार्यकर्ते जवळून पाहिले आणि १९६९ मध्ये थेट ‘विस्तार’ या शब्दावरच हरकत घेतली. विस्तार म्हणजे इथून तिथवर काहीतरी पसरवत नेणं. ज्याच्यापर्यंत न्यायचं तो रिकामा आहे, असं त्यात धरलेलं असतं. चौदा वर्षं माझ्या ओळखपत्रावर हा शब्द होता. वाचताना मला राग आला होता, हे कबूल करते. उन्हातान्हात पायपीट आम्ही करायची आणि शब्दांतली खोट तुम्ही काढायची! राग गेला, आक्षेप राहिला.

शेवटी आराखडाच बदलावा लागला. नुसत्या सर्वेक्षणाऐवजी सर्वेक्षण, आणि शिवाय एका हंगामभर चालणारी शेतीशाळा. (हा ‘आणि’ मॅडमनी राहू दिला.) शेतीशाळेची कल्पना इंडोनेशियातली. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी उच्छाद मांडला होता, आणि तो फवारणी करूनही नव्हे, बऱ्याच अंशी फवारणीमुळेच. कीटकनाशकाने कोळी आणि इतर मित्रकीटक मरत. तुडतुड्यांची अंडी पानाच्या देठाच्या आवरणात सुरक्षित राहत आणि नंतर बाहेर येणाऱ्या पिलांना खाणारं कुणी उरत नसे. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या. दर आठवड्याला शेतकऱ्यांनी शेतात उतरायचं, रोपं बारकाईने बघायची, दिसलं त्याचं मोठ्या कागदावर चित्र काढायचं, त्यावर वाद घालायचा आणि फवारायचं की नाही ते आपणच ठरवायचं. ‘हा कुठला किडा?’ असं कुणी विचारलं तर मार्गदर्शकाने नाव सांगायचं नाही. उलट विचारायचं: कुठे सापडला? काय करत होता?

कागदावर हे वाचायला छान वाटतं. चौदा वर्षं उत्तरं देण्याचा पगार घेतलेल्या बाईला ते किती जड जातं, त्याची कल्पना मला नव्हती. पहिल्या आठवड्यात एका ताईंनी पानाच्या मागची पिवळट रंगाची उभी अंडी दाखवली, एकमेकींना चिकटून घोळक्याने ठेवलेली, आणि विचारलं, “हे काय?” ती लेडीबर्ड भुंगेऱ्याची होती, मावा खाणाऱ्या मित्रकीटकाची, नाव अगदी जिभेच्या टोकावर. मी ओठ मिटून म्हटलं, “काय असेल?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं: हिलाच ठाऊक नाही. त्यांनी पान खुडलं, एका पारदर्शक डबीत घातलं, तोंडाला जाळीचं कापड बांधलं. चारेक दिवसांनी त्यांचा फोन: “काळे बारके निघालेत, मगरीसारखे. मावा टाकला तर खातायत!” मी “हो?” एवढंच म्हटलं. पुढच्या बैठकीत त्यांनी डबी सगळ्यांमधून फिरवली आणि किड्याचं नाव न सांगता त्याचं काम सांगितलं.

समितीपुढे हे मांडलं तेव्हा एका सदस्यांनी विचारलं, “किती जण होते शेतीशाळेत?”

“अकरा.”

“अकराशे?”

“नाही सर. अकरा.”

ते काही बोलले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल याचा विचार करायचं मी आता सोडलं आहे. नक्की ‘उदासीन’ नसेल.

उत्तरदात्याची व्याख्या बदलली. आता प्रत्येक घरातून दोघं, निर्णय घेणारी आणि काम करणारी व्यक्ती, वेगवेगळे बसवून. कधी ती एकच निघते, बहुतेकदा नाही. त्यामुळे काम दुप्पट झालं आणि वर्षभर मुदतवाढ घ्यावी लागली. प्रबंधाचं चौथं प्रकरण सध्या अर्धवट आहे. माझे वर्गमित्र सादर करून मोकळे झाले. त्यांचे निरोप समारंभाचे फोटो मी फोनवर बघते, शुभेच्छा देते आणि परत तक्त्यात शिरते. क्रमवाचक आकड्यांची, म्हणजे या पाच चौकटींना दिलेल्या एक ते पाचसारख्या आकड्यांची, सरासरी काढता येते का, यावर तोंडी परीक्षेत काय बोलायचं ते अंघोळ करताना पाठ करते.

पायलटमध्ये ज्यांना विचारलं त्यांना मुख्य नमुन्यात घेता येत नाही, असा नियम आहे. त्यांना प्रश्न आधीच माहीत झालेले असतात. त्यामुळे मावशी माझ्या आकडेवारीत नाहीत. संमतिपत्रावर मी लिहून दिलंय की नाव कुठेही येणार नाही, म्हणून ऋणनिर्देशातही नाहीत. पायलटच्या फाईलमध्ये त्या ‘उत्तरदाती क्र. ९’ आहेत आणि ती फाईल प्रबंधाबरोबर जोडायची नसते.

नवी प्रश्नावली छापून आली त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले. काम काही नव्हतं. बांधावर बसून त्यांना पान उघडून दाखवलं: जुनं सतरावं विधान आता दोन झालं होतं. ‘सेंद्रिय खत वापरणे फायद्याचे आहे.’ त्याखाली, वेगळ्या ओळीत, ‘सेंद्रिय खत वापरणे सोपे आहे.’ मी दोन्ही वाचून दाखवली. त्यांनी पहिल्या ओळीवर मान हलवली. दुसरीवर थांबल्या.

“कुणाला सोपं?” त्यांनी विचारलं. “ते नाही लिहिलंस.”

मी पिशवीतून पेन्सिल काढली. पाचशे प्रती छापून झाल्या होत्या.